चौथ्या नावाचा डबा

१

मंगळवार, ९ सप्टेंबर १९९७, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वेळ पक्की सांगते. कृतिका तीनला झोपली होती, आणि ती झोपली की मी दहा मिनिटं तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. श्वास नीट चाललाय ना ते बघायची. सव्वातीन वर्षांच्या मुलीचा श्वास कोण मोजत बसतं, असं हे म्हणायचे. मी मोजायची, घड्याळाकडे बघत. हात उचलला आणि बेल वाजली.

आम्ही दिल्लीत मयूर विहार फेज तीनला नवीनच राहायला आलो होतो. आधी लक्ष्मीबाई नगरला एका सरकारी क्वार्टरमधली एकच खोली भाड्याने होती. त्या खोलीत आमचं सामान ठासून भरलेलं असायचं. तेच सामान नव्या फ्लॅटमध्ये मांडलं तर घर उघडं पडल्यासारखं दिसायला लागलं. बोललं की आवाज घुमायचा. पुढच्या खोलीत निदान पलंग होता. मागच्या खोलीत काहीच नव्हतं. जिन्यातल्या बाकी घरांत सोफे आले होते, रंगीत टीव्ही आले होते, केबलवर दिवसभर नवनव्या वस्तू नाचायच्या. मला तो मागचा रिकामा कोपरा बघवायचा नाही.

दारात एक पोरगी उभी होती. गळ्यात कंपनीचा बिल्ला, खांद्याला जड पिशवी, घामाघूम. मी पाणी दिलं. तिने रंगीत कागद उघडला. वर्षाची वर्गणी एकदाच भरायची, मग दर महिन्याच्या नऊ तारखेला एक डबा घरी येणार. आत काय असेल ते आधी सांगणार नाहीत.

"खोलोगे तब पता चलेगा भाभीजी. वही तो मज़ा है."

फॉर्म हिंदीत होता. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षरं तीच, त्यामुळे वाचता येत होतं. घरातली माणसं लिहायची होती. मी सावकाश लिहिलं. शशिकांत खैरनार. पार्वती शशिकांत खैरनार. कृतिका शशिकांत खैरनार.

पोरीने वाकून बघितलं. "बस तीन? चार होते तो बड़ा डब्बा आता. दाम वही. सास-ससुर कोई नहीं?"

सासू-सासरे वारलेत. पेन माझ्या हातात तसंच होतं. आणि मी चौथ्या ओळीवर लिहिलं, गोपाळ शशिकांत खैरनार, वय सव्वातीन वर्षं.

हे नाव कुठून आलं ते सांगते. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाट्यावरचा वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला टोपडं घालतात, काजळ लावतात, बायका त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. त्याला गोप्या म्हणतात. तो आधी निजतो, मग बाळ. कृतिकाच्या बारशाला तसंच केलं होतं. मग आत्याने वाकून तिच्या कानात नाव सांगितलं. म्हणजे पाळण्यात दोघं होती असं म्हटलं तर खोटं नव्हतं. मला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं. मी मनातल्या मनात हसले सुद्धा.

"जुड़वाँ?" पोरीने विचारलं.

"हां."

"दिखा नहीं?"

मी मागच्या खोलीकडे बोट केलं. "सो रहा है," म्हणाले.

२

पहिला डबा ऑक्टोबरात आला. खाकी पुठ्ठ्याचा, वर लाल रिबिनीचं छापलेलं चित्र. मी फरशीवर फतकल मारून बसले, कृतिका मांडीवर. आमच्या गावी, मनमाडच्या पुढे, एखादी वस्तू मिळायची ती रडून रडून, आठवडी बाजारात आईचा पदर धरून. इथे न मागता दारात आली. ती चिकटपट्टी फर्रकन ओढतानाचा आवाज मला अजून आवडतो, हे लिहायला लाज वाटते.

पट्ट्यापट्ट्यांचे चार ग्लास. चार नॅपकिन. चार चमचे, दांड्याला प्लॅस्टिकची फुलं लावलेले. अंडं कापायची तारांची जाळी. चार टूथब्रश, दोन मोठे आणि दोन लहान, त्यातला एक गुलाबी, एक हिरवा.

संध्याकाळी हे चार्टर्ड बसने आले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका गेस्ट हाउसमध्ये हे स्टोअर सांभाळतात. चादरी, टॉवेल, साबण यांच्याच ताब्यात असतात.

"सगळं चार-चार?"

"सेटच तसा असतो."

"आणि हे काय?"

"अंडं कापायचं."

"आपण कधीपासून अंडं खायला लागलो?"

"केळं कापता येईल."

हे खूप हसले. "पारू, मी खोलीत माणूस आला की टॉवेल काढतो. तू आधी टॉवेल मागवतेस. आता माणूस पण मागव."

मी पण हसले. चौथ्या नावाचं मी यांना सांगितलं नाही. फॉर्मची पावती घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली होती.

हिरवा ब्रश मी वेष्टनातून काढून मगमध्ये उभा केला. नुसता शोभेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे केस ओले दिसले. नळाचं पाणी उडालं असेल म्हटलं. पुसून वरच्या फळीवर ठेवला, तिथे पाणी उडत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ओला होता, आणि केसांच्या मुळाशी थोडी पेस्ट वाळली होती.

"कृतिका, तू दोन्ही ब्रश घेतेस?"

"नाही."

"खोटं नाही बोलायचं."

"मी पिंकवाला घेते, आई. सच्ची."

मी तिला एक धपाटा घातला. लहान मुलं खोटं बोलतात, असं मला वाटलं. घरात खोटं एकटी मीच बोलले होते.

३

समोरच्या फ्लॅटमध्ये अरुणाताई राहतात. वीस वर्षं दिल्लीत. त्याही आधी लक्ष्मीबाई नगरलाच होत्या. कृतिकाच्या बारशाला पाळणा त्यांनीच सजवला होता. डबा आला की त्या चहाचा कप हातात घेऊन बघायला यायच्या.

"काय आलं या महिन्यात? बाई गं, हा शाम्पू वाचलास का? कुत्र्याचा आहे!"

"राहू दे, कुणाला तरी देईन."

"कुत्रा पण येईल पुढच्या डब्यातून, थांब. यार पार्वती, तू आता प्रदर्शन लाव. मी दारात तिकिटं फाडते."

सगळंच फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. डब्यातला टॉर्च लाईट गेल्यावर अख्ख्या जिन्याला कामी आला. लिंबू पिळायचं यंत्र अरुणाताई आवडीने घेऊन गेल्या. पण बाकीचं, साबणदाण्या, खुंट्या, प्लॅस्टिकचे गुलाब, चार-चार कप, चार-चार वाट्या, मागच्या खोलीत साचत गेलं. रिकामे डबे, त्यांच्या आतले लहान-मोठे खोके पण मी टाकले नाहीत. चांगला पुठ्ठा होता. डिसेंबरपर्यंत भिंतीपुढे दुसरी भिंत उभी राहावी अशी चळत झाली. आता त्या खोलीत आवाज घुमत नव्हता. मला बरं वाटायचं.

त्याच महिन्यात एका दुपारी मी बाल्कनीत उन्हाला मटार सोलत बसले होते. आतून आवाज आला. काहीतरी जड, सावकाश, मोझॅकच्या फरशीवरून गडगडत गेलं. भिंतीला टेकलं. थांबलं. मग परत आलं.

वरच्या मजल्यावरच्या बाई मसाला वाटत असतील, असं वाटलं. पण वाटण्याचा आवाज पुढे-मागे असा घासल्यासारखा असतो, तो असा पूर्ण खोली ओलांडत नाही. मी वर गेले. दाराला कुलूप होतं. त्यांची माणसं आठवड्यापूर्वीच कानपूरला गेली होती, हे मला माहीत होतं. तरी मी वर गेले, आणि कुलूप हलवून पण बघितलं.

खाली आले तर कृतिका मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसलेली. पुढ्यात पोह्यांची बशी, अर्धी खाल्लेली.

"संपव ना गं."

"हे त्याचं आहे," ती म्हणाली. "माझं झालं."

मुलं मनानेच सवंगडी तयार करतात, असं टीव्हीवर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या. मी तेच धरून बसले. धरायला काहीतरी बरं असलं की मी ते सोडत नाही.

जानेवारीचा डबा देताना कुरिअरवाला म्हणाला, "आपका बेटा हर बार बालकनी से हाथ हिलाता है. आज चुपचाप खड़ा था. तबियत ठीक है?"

कृतिकाचे केस उवांमुळे बारीक कापले होते. लांबून मुलगाच वाटायची. मी म्हणाले, हां, सर्दी है. दार लावल्यावर आठवलं की सकाळपासून कृतिका अरुणाताईंकडे होती.

बिचारा किती घरं फिरतो, दुसऱ्या घरात बघितलं असेल. मी डबा उघडायला बसले.

४

नोव्हेंबरपासून प्रत्येक डब्यात दोन लहान बनियन यायचे, एक निळ्या काठाचा, एक गुलाबी काठाचा. पहिल्या वेळी दोन्ही बावीस नंबरचे होते. जानेवारीत निळा चोवीस आणि गुलाबी वीस. फेब्रुवारीत निळा सव्वीस, गुलाबी अठरा.

पॅकिंग करणाऱ्याने घोळ घातला असणार. अठरा नंबर म्हणजे दीड वर्षाच्या बाळाचा. गळ्यातून जाणारच नाही, ते यांना दाखवून जरा हसू, म्हणून मी तो कृतिकाला घातला.

तो तिला बरोबर बसला. काखेत काचला नाही, पोटावर वर चढला नाही. अगदी बरोबर.

मी तिला तशीच उचलून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी काट्यावर उभं केलं, जीभ बघितली, कान बघितले. "बच्ची ठीक है. आप माँ लोग बहुत सोचती हो." मी बनियनचा नंबर दाखवला. ते म्हणाले, हर कंपनी का नाप अलग होता है. मला हायसं वाटलं. रिक्षात ती मांडीवर बसली होती आणि माझा पाय मुळीच दुखला नाही, हे मला घरी आल्यावर जाणवलं. सप्टेंबरात दुखायचा.

त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून कंपनीच्या कागदावरचा नंबर फिरवला. एक बाई बोलली, गोड आवाजाची.

"स्कीम बंद करनी है," मी म्हणाले.

"साल के बीच में बंद नहीं होती मैडम. सदस्य कम कर सकते हैं. किसका नाम?"

मी नाव सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"गोपाल जी का? उनको तो डब्बा पसंद आ रहा है न?"

मी फोन ठेवला. असं त्या सगळ्यांनाच विचारत असतील. विकायचंच काम त्यांचं.

चार दिवसांनी कार्ड आलं. चार छापील नावं, प्रत्येकापुढे चौकोन. ज्याचं नाव कमी करायचं त्यापुढे रेघ मारून परत पाठवायचं, बस. पोस्टाचं तिकीट सुद्धा लावायला नको. यांना त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं, फक्त नाव सांगितलं नाही. लाज वाटली. मोठ्या डब्यासाठी एक खोटं माणूस लिहिलं, एवढंच म्हणाले.

हे ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आत्ताच्या आत्ता रेघ मार आणि उद्या मला दे. जाता जाता टाकतो."

"टाकते हो मीच."

मी नाही टाकलं. एक तर लेकराच्या नावावर रेघ मारायला हात धजावत नव्हता, मग ते खोटं का असेना. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण दुसरं होतं. कार्डाच्याच पाठीमागे छापलं होतं की मार्चमध्ये होळीचा बंपर डबा येणार आहे, चार माणसांच्या घरांना दुप्पट. तेवढा एक येऊ दे, मग पाठवते, असं मी ठरवलं. कार्ड फ्रिजवर ठेवलं. फ्रिज जुना घेतला होता, सेकंडहँड, पण तोही हौसेने.

एक महिना. एका डब्यासाठी मी तो एक महिना थांबले. माझं बाकी सगळं चुकलं ते विसरता येईल, हा महिना नाही विसरता येत.

५

नऊ मार्चला सोमवार होता. बंपर डबा माझ्या कमरेइतका उंच होता. कुरिअरवाल्याने एका हाताने उचलून आत ठेवला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आत रंगाच्या तीन पुड्या. तीन टोप्या. तीन पिचकाऱ्या. तीन थाळ्या, तीन वाट्या. एक पुरुषाचा रुमाल, एक बाईचा, एक मुलाचा. निळ्या काठाचा बनियन, अठ्ठावीस नंबर. मी तळापर्यंत हात घातला, कागदाचे कपटे बाहेर काढले, डबा उलटा केला. गुलाबी काही नव्हतं.

चिठ्ठीवर छापलं होतं, सदस्य तीन. शशिकांत. पार्वती. गोपाल.

मी उठून फ्रिजवरचं कार्ड घेतलं. ते तिथेच होतं, वर बारीक धूळ बसलेली. पाठवलंच नव्हतं तर त्यांना कळलं कसं? मी ते पालथं घातलं होतं, ते उलटवलं. कृतिकाच्या नावापुढे पेन्सिलीची रेघ होती. सरळ, सावकाश ओढलेली, शेवटाला जरा दाबून.

फ्रिजच्या माथ्यावर कृतिकाचा हात स्टूलवर चढूनही पोचत नाही.

मी खोडरबर शोधायला लागले. अशा वेळी माणूस काय करतं बघा. मी ड्रॉवर उपसले, यांची पेनाची डबी उपसली. घरात चार साबणदाण्या होत्या, बारा खुंट्या होत्या, अंडं कापायची जाळी होती, आणि एक खोडरबर नव्हतं. थुंकी लावून बोटाने घासलं. कार्डाचा कागद सोलला गेला, रेघ खालच्या थरावरही तशीच होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी डबा उघडायला बसल्यापासून कृतिकाचा आवाज आलेला नाही.

६

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दुपारचे चार वाजले असतील. पडदा नव्हता, लख्ख ऊन आत येत होतं. दाराबाहेर तिच्या चपला होत्या, आणि त्यांच्याशेजारी डब्यातून आलेले निळे सँडल. ते मी कधीच कुणाला घातले नव्हते, पण टाचा एका बाजूने झिजलेल्या होत्या.

आत कुजबुज चालली होती. कृतिकाचा आवाज. एकच शब्द, परत परत.

मी दार ढकललं नाही. बोटभर फट होती, तिला डोळा लावला. डब्यांच्या चळतीत दोन डबे बाजूला सारून एक कोनाडा केलेला होता, लहान मुलं घर-घर खेळताना करतात तसा. त्यात कृतिका गुडघ्यांवर बसली होती. अठरा नंबरचा बनियन तिला आता सैल होता.

तिच्यापुढे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. निळ्या काठाचा बनियन. खांदे होते. त्यावर मान नव्हती, खांद्यांतून सरळ वर गुळगुळीत काळपट गोलवा गेला होता, उन्हात तेल लावल्यासारखा चमकत होता. केस नव्हते. मी फक्त पाठ बघितली. मी एवढंच बघितलं, यापेक्षा जास्त बघितलं असं कधी सांगणार नाही.

ते तिच्याकडे वाकलेलं होतं. आणि कृतिका दोन्ही तळव्यांचा आडोसा करून, जिथे कान असायला हवा तिथे तोंड लावून, त्याला नाव सांगत होती. अगदी आत्या सांगते तसं.

तिचं स्वतःचं नाव.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. दार आपटलं, डबे कोसळले. काहीतरी जड गडगडत भिंतीपर्यंत गेलं आणि पुठ्ठ्यांच्या खाली थांबलं. मी तिकडे पाहिलं नाही. लेकराला काखोटीला मारलं आणि जिन्यात पळाले. उचलताना माझा तोल गेला. रिकामी पिशवी भरलेली समजून उचलली की जातो तसा.

"कृतिका," मी म्हणाले, "कृतिका, बघ माझ्याकडे."

ती इकडेतिकडे बघायला लागली. मी कुणाला हाक मारतेय ते शोधत होती.

७

संध्याकाळी हे आले. हातात एक पिचकारी. दारातूनच म्हणाले, "गोपाळ कुठंय? बघ म्हणावं काय आणलंय."

ते नाव मी यांना कधीच सांगितलं नव्हतं.

कृतिका माझ्या कडेवर होती. यांनी तिच्याकडे बघितलं. हसले, जिन्यातल्या कुणाच्याही मुलाकडे बघून हसतात तसं, आणि आत गेले. मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. यांचं बोलणं ऐकू आलं. मध्ये मध्ये थांबत होते, कुणी उत्तर देत असल्यासारखं.

मी समोर अरुणाताईंकडे गेले. बारशाचा फोटो बरोबर घेतला होता. त्यात बायका पाळण्याभोवती उभ्या आहेत, अरुणाताई मध्ये.

"अगं, किती गोड दिसत होता गं गोपाळ टोपड्यात!" त्या म्हणाल्या. मग माझ्या कडेवरच्या लेकराकडे बघून, "आणि ही कोणाची?"

"अरुणाताई, ही कृतिका. माझी मुलगी. तुम्ही पाळणा सजवला होता."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. ताप आहे का बघितलं.

"ताई, मी वेडी आहे असं समजा. फक्त एकदा हिला नावाने हाक मारा."

"काय म्हणालीस नाव?"

"कृतिका."

"कृतिका," त्या म्हणाल्या. नुसतं मला बरं वाटावं म्हणून.

लेकराने मान वळवली. आणि माझ्या कमरेवर वजन आलं. थोडंसंच, पण आलं. मी रडायला लागले. अरुणाताईंनी तिच्याकडे नीट बघितलं, त्यांचे डोळे बारीक झाले. "अगंबाई," त्या पुटपुटल्या, "हिला मी पोलकं शिवलं होतं ना, पिवळं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा त्यांनी परत विचारलं, कोणाची गं ही.

असं का होतं मला माहीत नाही. कार्ड मी जाळलं, पावती जाळली. कंपनीच्या पत्त्यावर स्वतः जाऊन आले, ओखल्याला. तिथे शटर ओढलेलं होतं आणि बाहेर माझ्यासारख्याच दोन बायका उभ्या होत्या. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. नऊ तारखेला डबा येतोच. मी उघडत नाही. तो सकाळी मागच्या खोलीत उघडलेला असतो. हे म्हणतात, गोपाळला काय हौस आहे ना डब्यांची, अगदी तुझ्यावर गेलाय.

मला एवढंच दिसतं. नवीन माणसाने नाव घेतलं की ती वळून बघते. दुधाच्या बूथवरच्या माणसाने घेतलं, त्या दिवशी तिने अर्धी पोळी खाल्ली. गणपतीच्या देवळातल्या पुजाऱ्याने घेतलं, तेव्हा ती "आई" म्हणाली. एका माणसाचं एकदाच चालतं, दुसऱ्यांदा काही होत नाही. आमच्या गल्लीतली माणसं आता संपली. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते, तिथल्या सगळ्या बायका पण झाल्या. आता मी ती झोपली की छातीवर हात ठेवते, तर आधी हाताला छाती शोधावी लागते.

त्या डब्यांना मी नावं ठेवत बसत नाही. कुणाला न बघता वस्तू घ्यायची हौस असेल तर घ्यावी. पण घरात नाही त्या माणसाच्या वाटणीचं काही घरात आणू नका. वस्तू पडून राहत नाहीत, त्यांना वापरणारा लागतो. मला जे कळलं ते एवढंच, आणि फार उशिरा कळलं.

हे माझ्या अक्षरात लिहून मी मंडळाच्या अंकाला दिलंय. छापलं तर दिल्लीबाहेरही जाईल, मुंबईला, नाशिकला, कुठेही. वाचणाऱ्या प्रत्येकीला हात जोडून सांगते, मनातल्या मनात वाचून पुढचं पान उलटू नका. मोठ्याने म्हणा. मग शेजारणीला म्हणायला लावा, नणंदेला, जावेला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला. तिला सांगा, तिने आणखी एकीला सांगावं. थांबू देऊ नका.

कृतिका शशिकांत खैरनार. येत्या महिन्यात चार वर्षं पूर्ण होतील.